1965च्या ऑस्टिन 1100 मधला लपवलेला गंज आणि सस्पेन्शनची गळती

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: सदोष गाडी परत घेऊन पूर्ण रक्कम परत करण्याबाबत

महोदय,

आपल्याकडून घेतलेली चार दारांची ऑस्टिन 1100 ताब्यात येऊन आज 18 दिवस झाले. जाहिरातीत ‘सिल्स नव्या, सस्पेन्शन नुकतेच भरलेले’ असे स्पष्ट लिहिले होते. दोन्ही विधाने खोटी ठरली आहेत.

या गाडीला वेगळी चासी (खालचा आधाराचा सांगाडा) नाही. सिल्स, म्हणजे दारांखालच्या लांब पोकळ पट्ट्या, शोभेच्या नसतात, बॉडीची ताकद त्यांच्यावर असते. इथे कुजलेला पत्रा कापून न काढता त्यावरच नवा पत्रा डागला, टोकांना पुट्टी भरली आणि वरून ताजे काळे अंडरकोटिंग मारले. मागच्या दाराखाली लोहचुंबक वीतभर जागेत चिकटत नाही. मागची सबफ्रेम (मागचे सस्पेन्शन धरणारी चौकट) बॉडीला जिथे बोल्टने बसते, तिथल्या पत्र्यात तर स्क्रूड्रायव्हर आरपार जातो. अशा जोडापासून 30 सेंटीमीटरच्या आत पत्रा गंजून कमकुवत झाला असेल तर एमओटी तपासणीत (ब्रिटनमधली गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी) गाडी नापास होते. स्वेच्छेने करून घेतलेल्या तपासणीत हेच झाले. अहवाल जोडला आहे.

‘40 वर्षांवरच्या गाडीला एमओटी लागत नाही’ असे आपण फोनवर सांगितलेत. सूट फक्त तपासणीपुरती आहे. रस्त्यावर धोकादायक गाडी चालवायची किंवा विकायची मुभा त्यातून मिळत नाही.

दुसरा दोष सस्पेन्शनचा. डावी बाजू पुढून-मागून उजवीपेक्षा 5 सेंटीमीटर खाली बसते. या गाडीच्या हायड्रोलास्टिक, म्हणजे रबर आणि दाबाखालच्या द्रवावर चालणाऱ्या सस्पेन्शनमध्ये एका बाजूचे पुढचे आणि मागचे डिस्प्लेसर (प्रत्येक चाकापाशी असणारे द्रवाचे डबे) नळीने जोडलेले असतात, म्हणून एका ठिकाणी द्रव गळला की ती अख्खी बाजू बसते. आपल्या वर्कशॉपने नुसता दाब भरून दिला आणि तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा बसली. डाव्या मागच्या डिस्प्लेसरची होज जोडापाशी ओली आहे. आधी दाब सोडून होज बदलायला हवी, मग व्हॅक्यूमने आतली हवा काढून द्रव भरायचा आणि दोन्ही बाजूंची उंची मोजून जुळवायची. यातले काहीच झालेले नाही.

पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर सहज पडावा म्हणून असणारी यंत्रणा) नाही, गिअरबॉक्स इंजिनाच्याच तेलावर चालतो, त्याचा थोडा आवाज येतो. याबद्दल तक्रार नाही, ही गाडी मुळातच तशी आहे. पुट्टीखाली दडवलेला गंज मात्र वयाच्या खात्यावर टाकता येणार नाही.

ब्रिटनच्या कन्झ्युमर राइट्स ॲक्ट 2015 (ग्राहक हक्क कायदा) प्रमाणे 30 दिवसांच्या आत सदोष वस्तू नाकारण्याचा हक्क मी या पत्राने बजावत आहे. दुरुस्तीचा प्रस्ताव मान्य नाही. परतावा मान्य केल्यापासून 14 दिवसांत पूर्ण रक्कम द्यावी आणि गाडी स्वखर्चाने ट्रेलरवरून न्यावी. या अवस्थेत ती चालवत आणून दिली जाणार नाही.

कळावे,
आपला ग्राहक