सोलर गीझरच्या पाण्याबाबत सूचना
सर्व सभासदांस,

फोंड्यात नळाचे पाणी बंद होते तेव्हा गच्चीवरच्या टाक्या रिकाम्या झाल्या आणि सोलरच्या पाइपांत हवा शिरली. आता टाकी भरूनही गरम नळ फसफसत असेल, तर सर्वांत खालचा गरम नळ पूर्ण उघडून धार एकसारखी होईपर्यंत सोडा. पाणी बादल्यांत धरा, वाया घालवू नका. आणि कृपा करून रिकामा सोलर भर उन्हात भरू नका. तापलेल्या काचेच्या नळ्या थंड पाण्याने तडकतात. संध्याकाळी उशिरा किंवा पहाटेच भरा.

गच्चीवर सोलरच्या उभ्या हवापाइपातून पाणी वाहताना दिसले, तर आधी पाइपाची उंची बघा. त्याचे तोंड थंड पाण्याच्या टाकीच्या वरच हवे. उंची बरोबर असेल तर बहुधा प्रेशर पंप कारण असतो. मिक्सर नळातून पंपाचे थंड पाणी गरम लाइनीत घुसते, सोलरपर्यंत चढते आणि तापलेले पाणी बाहेर ढकलते. पंप लावलेल्यांनी प्लंबरकडून गरम लाइनीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे जाऊ न देणारी झडप) बसवून घ्यावा. हवापाइपाचे तोंड मात्र कुणीही बुजवू नये, टाकी फुटू शकते.

— व्यवस्थापन समिती