पेंग्विन, सँडविच आणि आपला वड

रविवार, रात्री

प्रिय विन्या,

वड वाचवायच्या ग्रुपवरून तू वैतागून बाहेर पडलास, तेव्हा फोनवर तुला नीट उत्तर देता आलं नाही. ग्रुपवर तीनशे जण, पहिल्या रविवारी झाडाखाली दोनशे, आणि महिन्याने सुनावणीला आपण चौघं! 'लोकांना काही पडलेलीच नाही,' म्हणालास. मला ते पटलं नव्हतं. का, ते आत्ता झेनेप तुफेक्ची वाचताना उमगतंय.

ही मूळची तुर्कस्तानची समाजशास्त्रज्ञ, आधी प्रोग्रामर होती. 2013 मध्ये इस्तंबूलच्या गेझी पार्कातली झाडं वाचवायला लोक जमले, तेव्हा ती तिथे त्यांच्याशी बोलत हिंडत होती. बाहेर अश्रुधूर, आणि एक वृत्तवाहिनी दाखवत होती पेंग्विनांवरचा माहितीपट! बातमी पसरली ती हातातल्या फोनांमुळे. बघता बघता पार्कात वाचनालय, स्वयंपाक, दवाखाना उभा राहिला. पण सरकारशी बोलायला जायचं कोणी? पुढारी नको, हाच तर त्यांचा अभिमान. जूनच्या मध्यावर पोलिसांनी पार्क रिकामं केलं.

याच्या शेजारी ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी निघालेला 28 ऑगस्ट 1963 चा वॉशिंग्टनचा मोर्चा ठेवते. अडीच लाख माणसं, आणि सगळी जुळवाजुळव बेयर्ड रस्टिनची. बसगाड्या, पाणी, संडास, अगदी डब्यात काय आणावं इथपर्यंत सूचना: शेंगदाण्याच्या लोण्याचं सँडविच आणि एखादं फळ. (आपण पत्रकात 'पाण्याची बाटली आणा' एवढंही लिहिलं नव्हतं.) आदल्या दिवशी कोणीतरी ध्वनियंत्रणा बिघडवली, ती लष्कराच्या तंत्रज्ञांकडून रातोरात दुरुस्त करून घेतली. तुफेक्चीचं म्हणणं, ही कटकट निस्तरतानाच माणसं भांडायला, तडजोड करायला, एकमेकांवर भिस्त ठेवायला शिकतात. समोरचा सत्ताधारीही गर्दी मोजत नाही, हा दम जोखतो. फोनमुळे गर्दी आधी जमते, घडण मागेच राहते.

फक्त एक. रस्टिनच्या पाठीशी चर्च होती, कामगार संघटना होत्या, बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध माँटगोमेरी शहरात चाललेला 381 दिवसांचा बसबहिष्कार होता. हे विसरून सगळा दोष फोनला द्यायचा, तर ते तिचं म्हणणं नव्हे. तिचा दाखला देणाऱ्यांचं असेल.

पुढची तारीख पंधरवड्यावर आलीय. मी वही घातली आहे: कोण कोणाला घेऊन येणार, वकिलांचे पैसे, झेरॉक्स. सुमनकाकूंनी पंधरा जणांचे पोहे कबूल केलेत. गाड्यांचं काम तुझ्या नावावर लिहिलंय, न विचारता. भांडायचं असेल तर शनिवारी घरी ये.

तुझा,
बंड्या