मेडिकलवाल्या काकांना, निपाणी

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर काउंटरवरूनच ओरडाल. निपाणीत ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

गेल्या श्रावणात तापानं फणफणत तुमच्या दुकानात आलो होतो. बाहेर पाऊस, सगळे सांधे धरलेले. तापाच्या ६५०च्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या मागितल्या. तुम्ही त्या हातातच धरून ठेवल्यात आणि विचारलंत, "कालपासनं काय काय खाल्लासा, सगळं सांगा बघू."

सांगितलं. ६५०च्या दोन-दोन, दिवसातून तीनदा. सर्दीची गोळी तीनदा. अंगदुखीची दोनदा. दोन-दोन का, तर वजन १०८ किलो. घरातली सडपातळ माणसं एक घेतात, मग मला एकीनं काय होणार? बैलाला आणि वासराला सारखीच पेंड कशी पुरेल, हा माझा हिशेब!

तुम्ही एका रिकाम्या खोक्यावर बेरीज मांडलीत. ६५०च्या सहा गोळ्या, ३,९०० मिलिग्रॅम. सर्दीच्या गोळीत ५००, म्हणजे १,५००. अंगदुखीच्या गोळीत ३२५, म्हणजे ६५०. एकूण ६,०५०. "चोवीस तासांत ४,०००च्या वर धडधाकट माणसानंबी जायचं नसतंय," म्हणालात. तिन्ही गोळ्यांत एकच पॅरासिटामॉल आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. पट्टीमागचं ते बारीक इंग्रजी कोण वाचतंय! पट्ट्या परत कपाटात टाकून तुम्ही मला रिक्षात बसवलंत आणि थेट डॉक्टरकडे धाडलंत. आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवणारा दुकानदार मी पहिल्यांदाच बघितला.

रक्त तपासलं. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की वाढणारा आकडा, ९६. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं, वाढलं नव्हतं, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सोनोग्राफीत मात्र निघालं ग्रेड २ फॅटी लिव्हर. मी चिडलोच. माळकरी घरातला माणूस, दारूचा थेंब नाही, आणि लिव्हर खराब? डॉक्टर म्हणाले, दारूशिवायही होतं, पोटाचा घेर बघा आधी.

रिपोर्ट इंग्रजीत, पथ्याचा कागद कानडीत, आणि मी मराठी शाळेतला. दोन्ही घेऊन तुमच्याकडेच आलो. त्या दुपारी तुम्ही जे समजावलंत, त्यासाठी खरं तर हे पत्र.

मामांचं गुऱ्हाळ होतं हे तुम्हाला माहीत, म्हणून तिथूनच सुरुवात केलीत. काहिलीत रस उकळला की मळी वर येते. झारा घेऊन ती काढणारा हजर असला की गूळ चांगला उतरतो. पॅरासिटामॉलचंही तसंच. बराचसा भाग यकृत सरळ मार्गानं निकामी करून लघवीवाटे घालवतं. थोडा भाग सीवायपी२ई१ नावाच्या एन्झाइमच्या हाती लागतो आणि त्यातून एक विषारी पदार्थ तयार होतो. ही मळी. ती काढणारा यकृतातलाच ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ. लठ्ठ माणसाच्या, चरबी साचलेल्या यकृतात या एन्झाइमचा जाळ मोठा असतो. मात्रा बेताची असली तर निभून जातं. मी काहिलीत दीडपट रस ओतत होतो, आणि झारा धरणारा तेवढाच.

मी लगेच शहाणपणा केला, "म्हणजे जाड माणसाचं लिव्हर सगळीच औषधं भराभर जाळतंय तर!" तुम्ही हसलात. सीवायपी३ए४ म्हणून दुसरं एन्झाइम आहे, कितीतरी औषधांचा निपटारा त्याच्याकडे, आणि ते लठ्ठपणात उलट मंदावतं. साचलेल्या चरबीमुळे अंगात कायम बारीक सूज धुमसत असते, तिचा हा प्रताप. म्हणून वजन बघून एका औषधाचा आकडा वाढवावा, दुसऱ्याचा कमी करावा, असा घरगुती हिशेब चालतच नाही. तेव्हा मी हळूच कबूल केलं, की आईच्या डब्यातली डायझेपाम, ती गुंगीची गोळी, अधूनमधून घेतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोळ्यांवर झापड असते. तुम्ही कपाळाला हात लावलात. ती गोळी चरबीत मुरते आणि तिथून सावकाश बाहेर पडते, आणि माझ्याकडे मुरायला जागा भरपूर! त्या दिवशी खाल्लेल्या शिव्या अजून पाठ आहेत.

मग एका औषधाच्या पाकिटावर तुम्ही मोठ्या मराठी अक्षरांत लिहून दिलंत: 'ताप आला तर एकच गोळी. दुसरी कुठलीही घेण्याआधी मला दाखवा.' मागे उभ्या असलेल्या आजींना लगेच तेच कानडीत सांगायला लागलात. त्यांच्या पिशवीतही सर्दीची आणि तापाची गोळी एकत्रच होती.

पाकीट आमच्या फ्रिजवर चिकटवलंय. डॉक्टरांनी ७ ते १० टक्के वजन उतरवायला सांगितलं होतं, दहा महिन्यांत १०८चे ९७ झालेत. एसजीपीटी ३८. आईच्या डब्याला आता बायकोनं कुलूप लावलंय. कुणी बेळगावहून कुंदा आणला की मात्र अजून हात आवरत नाही, ते तुमच्यापासून काय लपवायचं.

पुढच्या बाजाराला येतो. तुमच्या दारातल्या वजनकाट्यावर तुमच्यासमोरच चढतो. रुपया माझा.

तुमचा,
दोन-दोन गोळ्यावाला