म्हाताऱ्यांना गाव सोडायला लावू नका

संपादक महोदय,

ऑस्ट्रेलिया म्हटलं की आपल्याकडे क्रिकेट नाहीतर पीआरच्याच (कायमच्या वास्तव्याच्या परवान्याच्या) बातम्या, म्हणून मुद्दाम लिहितेय. मी अ‍ॅडलेडला एज्ड केअरमध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीचं काम करते. इथे सरकारी एज्ड केअरसाठी बाकीच्यांना ६५ वय लागतं, अ‍ॅबोरिजिनल म्हणजे इथल्या मूळनिवासी माणसाला मात्र ५० लाच घेतात, कारण डायबेटिस, हार्ट, किडनी हे सगळं त्यांना फार लवकर गाठतं.

किंटोर हे पिंटुपी या अ‍ॅबोरिजिनल लोकांचं गाव, देशाच्या मध्यावरच्या अ‍ॅलिस स्प्रिंग्स शहराच्या पश्चिमेला पाचशे किलोमीटरच्याही पुढे, वाळवंटात. पूर्वी तिथल्या कुणाची किडनी गेली की डायलिसिस आठवड्यातून तीनदा आणि मशीन अ‍ॅलिस स्प्रिंग्सला, म्हणजे माणूस एकदा गेला की तिकडेच अडकला, नातवंडं, आपली भाषा बोलणारी माणसं, पूर्वजांची जमीन सगळं मागे राहिलं. काहीजण तर मरण पत्करून उपचार सोडून घरी परतायचे. शेवटी तिथल्या चित्रकारांनीच एकत्र बसून मोठमोठी चित्रं काढली, २००० साली सिडनीत त्यांचा लिलाव झाला, दहा लाख डॉलरच्या वर पैसे जमले आणि २००४ ला गावातच डायलिसिस सुरू झालं. किती मोठी गोष्ट आहे ही! सरकारची वाट बघत बसले असते तर काय झालं असतं, कारण दुर्गम भागातल्या अशा डायलिसिसला मेडिकेअरचे, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचे पैसे मिळायला २०१८ उजाडलं. त्यातून उभी राहिलेली संस्था म्हणजे पर्पल हाउस. त्यांच्या अ‍ॅलिस स्प्रिंग्सच्या अंगणात शेकोटीवर कांगारूचं शेपूट भाजतात, पेशंट आज्या गावाकडच्या झाडपाल्याचं मलम बनवतात. हॉस्पिटलमध्ये हे कोण करू देणार?

आपल्या जमिनीवर राहणं हा नुसता भावनेचा प्रश्न नाहीये. १९८४ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या डर्बीजवळचे दहा डायबेटिक अ‍ॅबोरिजिनल लोक सात आठवडे आपल्या मुलुखात शिकार, मासे, कंद खाऊन राहिले, तर सरासरी आठेक किलो वजन उतरलं आणि शुगर पुष्कळ सुधारली. एवढं माहीत असूनही म्हाताऱ्यांना उचलून शहरात आणणं सोपं वाटतं, याचा मला खरंच राग येतो.

महाराष्ट्रातून नर्सिंग करून बरीच मुलंमुली इकडे येतात आणि मेलबर्न-सिडनीच धरतात. गावात मशीन असलं तरी चालवायला नर्स नसेल तर ते बंदच. त्यांनी निदान वर्षभर तरी अशा गावात काम करावं, आणि गेल्यावर आधी तिथल्या आजीआजोबांचं ऐकावं.

– एक वाचक, अ‍ॅडलेड