दुसऱ्याचा आलेख आपल्या ड्रमला लागू पडत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरी कॉफी भाजणाऱ्यांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. आमच्या सांगलीत पाहुण्याला न विचारताच चहा टाकतात, तेव्हा हा विषय मराठीत छापून आला याचाच आनंद. मात्र इंटरनेटवरून एखाद्या नावाजलेल्या भाजणाऱ्याचा आलेख (भाजताना तापमान मिनिटागणिक कसं चढलं त्याची रेघ) उतरवून घ्यावा आणि आपला घाणा त्यावर बेतावा, हा त्यातला सल्ला पटला नाही. मी साखर कारखान्यातून बॉयलर अटेंडंट म्हणून निवृत्त झालो. लॉगशीट भरण्यात नोकरी गेली, त्यामुळे नोंदीला माझा विरोध असायचं कारण नाही. प्रश्न आहे तो नोंद कशाशी ताडायची हा.

माझा कॉफी भाजायचा ड्रम कुपवाड एमआयडीसीतल्या वर्कशॉपमधून करून घेतलेला. वर मोटार, खाली गॅसची शेगडी, एका घाण्याला पाव किलो हिरवे दाणे. दाण्यांत बुडेल असं के-टाइप थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, ती आर्डुइनो नावाच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डामार्फत मुलाच्या जुन्या लॅपटॉपला जोडलेली, आणि लॅपटॉपवर भाजणीची नोंद ठेवणारं ‘आर्टिसन’. हे सॉफ्टवेअर फुकट आणि मुक्तस्रोत आहे; विंडोज, मॅक, लिनक्स, सगळीकडे चालतं. दाणे टाकले की एक बटण दाबायचं, पिवळे पडले की दुसरं, तडतडू लागले की तिसरं, बाहेर काढले की चौथं. बाकी आलेख ते स्वतः काढतं. तापमान दर मिनिटाला किती अंशांनी चढतंय, तेही शेजारी दाखवतं. फाइल आपल्याच डिस्कवर राहते, साध्या मजकुराची असते. मोबाइल ॲपवाल्यांच्या सर्व्हरवर आपली वही ठेवण्यापेक्षा मला हे बरं वाटतं.

आता गंमत पाहा. चांगल्या तापलेल्या ड्रममध्ये दाणे पडले की पडद्यावरचं तापमान मिनिटभर कोसळतं, मग वळून चढायला लागतं. दाणे त्या वेळी थंड होत नसतात. ते खोलीच्या तापमानावरून तापतच चाललेले असतात. थंड होतं ते थर्मोकपल. म्हणजे आलेख दाण्याचा नव्हे, दाण्यांत खुपसलेल्या तारेचा! तार जाड की बारीक, किती खोल, ड्रममध्ये माल किती, यावर आकडा हलतो. पहिला तडतडाट साधारण १९६ अंशांना होतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं; माझ्या पडद्यावर तो १८८ च्या पुढेमागे दिसतो. कारखान्यातही एकाच लाइनवरची दोन गेज तंतोतंत जुळताना मी पाहिली नाहीत. आपल्या गेजचा स्वभाव ठाऊक असला की पाळी निघायची. दुसऱ्याच्या आलेखात २०५ ला दाणे काढलेत म्हणून मीही माझ्या पडद्यावर २०५ होईपर्यंत थांबलो, तर आठेक अंश जास्त भाजलेली, कडवट कॉफी पदरात पडेल.

तेव्हा ताडायचं ते आपल्याच जुन्या घाण्याशी. आर्टिसनमध्ये जुना आलेख फिका करून मागे लावता येतो, नवा त्याच्यावरून चढत जातो. सिलिंडर संपत आल्यावर ज्योत बसली, तर ते तिथे लगेच दिसतं. पण तेही दाणा तोच असेल तर. चिकमगळूरचा एस-७९५ या जातीचा दाणा आणि पावसाळी वाऱ्यात फुगवलेला, फिकट पिवळा मान्सून्ड मलबार एकाच आचेवर भाजा, वेगळेच वागतील. चवीचा रकाना सौ. भरते, कारण मला सगळ्याच कॉफ्या बऱ्या लागतात.

दोन घरांत खरोखर ताडता येईल असा एक आकडा आहे, तो म्हणजे वजनातली घट. २५० ग्रॅम टाकून २१२ निघाले, तर १५ टक्क्यांहून थोडी जास्त. तराजूला तारेचे लाड नाहीत. मात्र त्यातला एक वाटा हिरव्या दाण्यातल्या ओलाव्याचा असतो. चांगल्या मालात तो १० ते १२ टक्के असतो आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात उघड्या पिशवीत वाढतो. सुरुवातीचा ओलावाच माहीत नसेल, तर घटीचा आकडाही निम्मा आंधळा.

इथेच खरी अडचण आहे, आणि लेखात तिच्याबद्दल अवाक्षर नव्हतं. ऑनलाइन मिळणाऱ्या हिरव्या कॉफीच्या कितीतरी पिशव्यांवर ‘अरेबिका’, एक डोंगराचं चित्र आणि किंमत एवढंच असतं. आर्टिसनमध्ये जात, ओलावा, घनता लिहायला जागा आहे. मी ती रिकामी सोडतो. विकणाऱ्यांनी जात, तोडणीचा हंगाम आणि पॅकिंगच्या वेळचा ओलावा एवढं तरी छापावं. ओलावा मोजायचं यंत्र मोठ्या व्यापाऱ्यांकडे असतंच, आकडा पिशवीवर उतरवायला शाईखेरीज खर्च नाही. आपल्या राज्यातल्या चिखलदऱ्याच्या बागायतदारांनी हे सुरू केलं, तर माझी पाच किलोंची मागणी नक्की धरावी.

– एक निवृत्त बॉयलर अटेंडंट, सांगली