रिओतली रिकामी टेबले आणि आपल्या मॅरेथॉनपटू

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पॅरिस ऑलिम्पिकचा अखेरचा दिवस, ११ ऑगस्ट २०२४, महिलांच्या मॅरेथॉनसाठी राखून ठेवण्यात आला होता. समारोपाच्या दिवसाचा हा मान तोवर पुरुषांच्या शर्यतीकडे असे. १७८९ च्या ऑक्टोबरमध्ये भाकरी मागत पॅरिसहून व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेलेल्या बायकांची आठवण म्हणून शर्यतीचा मार्गही व्हर्सायपर्यंत जाऊन परत येणारा आखला होता आणि त्यात एकूण ४३६ मीटरची चढण होती. नेदरलँड्सच्या सिफान हसनने ५,००० आणि १०,००० मीटरमध्ये आधीच दोन कांस्यपदके मिळवली होती. दहा हजारांची अंतिम शर्यत पळून तिला ३६ तासही झाले नव्हते, तरी ती मॅरेथॉनला उभी राहिली आणि २ तास २२ मिनिटे ५५ सेकंदांत पहिली आली. सर्वांत शेवटी, ८० व्या क्रमांकावर, भूतानची किन्झांग ल्हामो ३ तास ५२ मिनिटे ५९ सेकंदांनी पोहोचली, आणि तिच्यासाठी रस्त्याच्या दुतर्फा लोक टाळ्या वाजवत थांबून राहिले होते. त्या शर्यतीत भारताची एकही धावपटू नव्हती. त्याआधीच्या टोकियो ऑलिम्पिकच्या महिला मॅरेथॉनमध्येही नव्हती. या गोष्टीची चर्चा आपल्याकडे जवळजवळ झालीच नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका होते आणि आता निवृत्त आहे. लांब पल्ल्याच्या पळण्यात या जिल्ह्याने देशाला काय दिले हे वाचकांना ठाऊक असेल. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली. तिच्यामागून मोनिका आथरे आली, संजीवनी जाधव आली. राज्यातल्या इतर जिल्ह्यांकडे पाहिले तर साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर, परभणीची ज्योती गवते. या सगळ्या मुली दुष्काळी किंवा आदिवासी भागांतल्या आहेत, आणि त्यांच्या पायांत ताकद किंवा अंगात दमसास नव्हता असे म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. मग २०१६ नंतर ऑलिम्पिकच्या या शर्यतीत आपली जागा रिकामी का राहिली?

याचे पहिले उत्तर घड्याळात आहे. रिओ ऑलिम्पिकसाठी महिला मॅरेथॉनची पात्रता वेळ २ तास ४५ मिनिटे होती. टोकियोसाठी ती २ तास २९ मिनिटे ३० सेकंद झाली आणि पॅरिससाठी २ तास २६ मिनिटे ५० सेकंद. ४२.१९५ किलोमीटरच्या या शर्यतीत किलोमीटरच्या हिशोबात सांगायचे तर रिओला जाण्यासाठी प्रत्येक किलोमीटर ३ मिनिटे ५५ सेकंदांत पळावा लागत होता, पॅरिससाठी ३ मिनिटे २९ सेकंदांत. या काळातली भारतीय महिलांची सर्वोत्तम वेळ म्हणजे ओ. पी. जैशाने २०१५ मध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत नोंदवलेली २ तास ३४ मिनिटे ४३ सेकंद, म्हणजे किलोमीटरला ३ मिनिटे ४० सेकंद. ती पॅरिसच्या वेळीही आपली सर्वोत्तम वेळ होती. जागतिक क्रमवारीतूनही प्रवेश मिळतो, पण त्यासाठीही सातत्याने वेगवान शर्यती पळाव्याच लागतात. मी येथे जागतिक विक्रमाची तुलना मुद्दाम करत नाही, कारण २ तास ९ मिनिटे ५६ सेकंदांचा विक्रम नोंदवणाऱ्या केनियाच्या रूथ चेपनगेटिचवर पुढे उत्तेजकांच्या प्रकरणात तीन वर्षांची बंदी आली, आणि आमच्या मुलींपुढे तो आकडा मापदंड म्हणून ठेवावा असे मला वाटत नाही. पात्रता वेळ मात्र सर्वांना सारखी आहे. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला महिलांची मॅरेथॉन ऑलिम्पिकमध्ये प्रथमच घेतली गेली तेव्हा पोर्तुगालच्या रोझा मोटाला कांस्य मिळाले ते २ तास २६ मिनिटे ५७ सेकंदांत. चाळीस वर्षांनंतर त्याहून सात सेकंद कमी वेळ नुसत्या प्रवेशासाठी मागितली गेली. जग इतके पुढे सरकले, आणि आपण बीजिंगच्या त्या एका वेळेपाशी थांबलो.

आपण का थांबलो हे समजण्यासाठी रिओची शर्यत पुन्हा आठवावी लागेल. १४ ऑगस्ट २०१६ चा तो दिवस. तिकडे सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि आपल्याकडे संध्याकाळचे सहा. भारताकडून जैशा आणि कविता पळत होत्या. ललिताने मुंबई मॅरेथॉनमध्ये पात्रता वेळेच्या आतली कामगिरी केलेली असूनही ३,००० मीटर स्टीपलचेसची (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीची) निवड केली होती, आणि तो निर्णय योग्यच ठरला, कारण दुसऱ्याच दिवशी ती अंतिम फेरीत पळाली. मॅरेथॉनमध्ये जैशा २ तास ४७ मिनिटे १९ सेकंदांनी ८९ वी आली आणि अंतिम रेषा ओलांडताच कोसळली. तिला सलाईन लावावे लागले. कविता २ तास ५९ मिनिटे २९ सेकंदांनी १२० वी आली. मायदेशी परतल्यावर जैशाने सांगितले की वाटेत भारतासाठी नेमून दिलेल्या टेबलांवर देशाचे नाव आणि झेंडा एवढेच होते, तेथे ना कोणी माणूस होता ना पिण्यासाठी काही. ॲथलेटिक्स महासंघाचे म्हणणे असे होते की खास पेयांबद्दल आधी विचारणा केली होती आणि ती नको असल्याचे त्यांना सांगण्यात आले होते. कवितानेही आपल्याला विचारले गेले होते आणि आपण नकार दिला होता असे सांगितले. क्रीडा मंत्रालयाने दोन सदस्यांची चौकशी समिती नेमली, आठ-दहा दिवस वाहिन्यांवर वाद झाला आणि विषय मागे पडला.

कोण खरे बोलले हे ठरवण्याचा मला अधिकार नाही. महासंघाचा शब्द न् शब्द खरा मानला तरी माझा प्रश्न शिल्लकच राहतो. मॅरेथॉनच्या मार्गावर ठरावीक अंतरांवर, साधारणपणे दर पाच किलोमीटरला, टेबले असतात. आयोजकांचे पाणी सर्वांसाठी असते, पण त्याखेरीज खेळाडूने स्वतः तयार केलेल्या बाटल्या ठेवता येतात, आणि नियमानुसार त्या टेबलामागे देशाच्या दोन जणांपर्यंत उभे राहून बाटली हातात देता येते. अडीच तास पळणाऱ्या शरीरात स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवलेली साखर तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते. नुसत्या पाण्याने तहान भागते, ती साखर भरून निघत नाही. म्हणून जगातल्या आघाडीच्या धावपटू कोणत्या टेबलावर कोणती बाटली, तिच्यात किती साखर आणि किती मीठ, हे महिनोन् महिने सरावात ठरवतात. इतक्या वेगात पळताना पोटाला पेय पचवायला शिकवावे लागते. शर्यतीच्या आदल्या दिवशी फॉर्म पुढे करून "तुम्हाला काही हवे आहे का" असे विचारून ते साधत नाही. ज्या मुलीने आयुष्यात कधी स्वतःची बाटली घेऊन मॅरेथॉन पळलेली नाही ती अशा वेळी नको म्हणणार, हे कोणत्याही शिक्षकाला कळेल. तालुक्याच्या क्रॉसकंट्री स्पर्धेत आम्ही शिक्षिका बांधावर लिंबू, मीठ, साखर घातलेले पाणी आणि ओले फडके घेऊन उभ्या राहायचो. मुलींनी ते मागायची वाट आम्ही कधी पाहिली नाही.

रिओतली ती टेबले रिकामी होती याचा अर्थ मला असा दिसतो की मॅरेथॉनसाठी स्वतंत्र तयारी अशी आपल्याकडे उभीच राहिली नव्हती. ट्रॅकवरच्या मुली एखादी चांगली शर्यत झाली की पात्र ठरत आणि त्याच बळावर ऑलिम्पिकला जात. पात्रता वेळ २ तास ४५ मिनिटे होती तोवर हे चालून गेले. आता चालणार नाही.

दुसरे कारण पैशाचे आहे, आणि ते बोलायला अवघड असले तरी बोलले पाहिजे. लांब पल्ल्याच्या आमच्या मुली गरीब घरांतल्या आहेत. हिवाळ्यात मुंबई, पुणे, वसई-विरार आणि गावोगावच्या रस्ता शर्यतींमध्ये रोख बक्षिसे असतात. रेल्वेत किंवा पोलिसांत नोकरी लागेपर्यंत घरखर्च, बूट, दूध, अंडी हे सगळे त्या बक्षिसांवर चालते. त्यामुळे मुलगी एका हंगामात या रविवारी दहा किलोमीटर, त्या रविवारी अर्धमॅरेथॉन अशी पळत राहते. याउलट पूर्ण ताकदीची मॅरेथॉन वर्षाला दोन, फार तर तीनच पळाव्यात, आणि प्रत्येकीच्या आधी तीन-चार महिन्यांचा अखंड सराव असावा. शिवाय जानेवारीतही दमट असणाऱ्या मुंबईत, पेडर रोडचा चढ चढून, कोणालाही आयुष्यातली सर्वोत्तम वेळ काढणे कठीण आहे. तशा वेळा बर्लिन किंवा व्हॅलेन्सियासारख्या थंड हवेच्या, सपाट मार्गांवर निघतात, आणि तिथे जाण्याचा खर्च या मुलींना एकट्याने पेलणारा नाही. बक्षिसाच्या शर्यती पळतात म्हणून त्यांना दोष देणे मला अत्यंत अन्यायाचे वाटते.

२०२८ चे ऑलिम्पिक पुन्हा लॉस एंजेलिसला आहे, जिथे अमेरिकेची जोन बेनॉइट महिला मॅरेथॉनची पहिली ऑलिम्पिक विजेती ठरली. तोपर्यंत पदकाची अपेक्षा कोणी धरू नये, मीही धरत नाही. माझी मागणी मर्यादित आहे. राज्य शासनाच्या क्रीडा विभागाने आणि राज्य ॲथलेटिक्स संघटनेने मिळून महाराष्ट्रातल्या पाच-सहा मुलींचा फक्त रस्त्यावरच्या लांब पल्ल्यासाठीचा गट निवडावा. त्यांना दरमहा एवढे मानधन द्यावे की बक्षिसासाठी दर रविवारी पळायची गरज राहणार नाही. वर्षातून एकदा त्यांना परदेशातल्या वेगवान मार्गावर न्यावे. आणि पहिल्या दिवसापासून बाटली, टेबल व टेबलामागची दोन माणसे हा सरावाचाच भाग धरावा, म्हणजे मोठ्या स्पर्धेत त्याबद्दल वेगळे विचारावे लागणार नाही.

आपल्या वृत्तपत्राकडूनही एक अपेक्षा आहे. मुंबई मॅरेथॉनच्या दुसऱ्या दिवशी आपण पाहुण्यांची, हौशी धावकांची आणि रंगीबेरंगी वेशांची छायाचित्रे पानभर छापता. त्यांचा आनंद मलाही आहे. हजारो बायका त्या दिवशी प्रथमच बूट बांधून रस्त्यावर येतात. पण भारतीय महिला गटात पहिल्या आलेल्या तिघींची नावे त्या पानाच्या तळाशी दोन ओळींत असतात आणि कित्येकदा वेळही दिलेली नसते. येत्या जानेवारीपासून त्या तिघींच्या वेळा ठळक छापाव्यात, आणि त्यांच्या शेजारीच त्या वर्षीची आंतरराष्ट्रीय पात्रता वेळ द्यावी.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका,
जि. नाशिक