चिलर मुंबईचा, कर्व्ह परदेशचे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘हरित’ ऑफिस इमारतींच्या जाहिरातींत विजेची अमुक टक्के बचत ठळक अक्षरांत छापलेली असते. हे टक्के काढण्याचे काम मी करते, म्हणून ते कशावर उभे असतात ते लिहिते.

इमारत बांधण्याआधी तिचे मॉडेल एनर्जीप्लससारख्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करून वर्षाचे ८७६० तास एकेक करून चालवून पाहतात. काचा आणि दिव्यांवर बैठकांमध्ये भरपूर वाद होतात. चिलरवर, म्हणजे एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्रावर, कोणी बोलत नाही. परळ किंवा बीकेसीतल्या टॉवरमध्ये सर्वाधिक वीज खाणाऱ्यांत तो पुढच्या रांगेत असतो. त्याची मॉडेलमधली वागणूक तीन कर्व्ह, म्हणजे तीन गणिती सूत्रे, ठरवतात. पाण्याची तापमाने बदलली की तो किती टन थंडावा देईल, त्याच तापमानांना वीज किती घेईल आणि भार, म्हणजे थंडाव्याची मागणी, कमी झाला की विजेचे गणित कसे बदलेल. पहिल्या दोन कर्व्हना सहा-सहा गुणक, तिसऱ्याला बहुधा तीन. एवढ्या पंधरा आकड्यांवर चिलरच्या वर्षभराच्या विजेचा अंदाज तोललेला असतो.

बहुतेक ठिकाणी हे आकडे सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतून उचलतात. तिथले बरेच कर्व्ह जुन्या अमेरिकी यंत्रांचे आहेत. टनेज जुळले की झाले. शेजारच्या मुलाची पत्रिका दाखवून आपल्या मुलाचे लग्न ठरवावे, तसा हा प्रकार.

कंपनीकडे खऱ्या यंत्राची माहिती मागावी, तर सेल्सवाले आयपीएलव्हीचा, म्हणजे कमी-जास्त भारांवरच्या सरासरी कार्यक्षमतेचा, कागद पाठवतात. त्यावर चार बिंदू, म्हणजे चार वेगवेगळ्या भारांवरचे आकडे असतात. एएचआरआय या अमेरिकी उद्योगसंघटनेच्या मानकानुसार पाण्यावर थंड होणाऱ्या चिलरच्या कंडेन्सरमध्ये (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागात) येणारे पाणी पूर्ण भाराला २९.४ अंश सेल्सियस धरतात, ७५ टक्के भाराला २३.९ आणि त्याखाली १८.३. भार उतरला म्हणजे बाहेर गारवा आला, असा त्यामागचा हिशेब. शिकागोत तो चालतही असेल. मुंबईत जुलैच्या संध्याकाळी ऑफिस निम्मे रिकामे झाले तरी वेट बल्ब तापमान (हवेतला दमटपणा धरून मोजलेले) २५-२६ अंशांच्या आसपास ठाण मांडून बसते. कंडेन्सरचे पाणी हवेने गार करणारा कूलिंग टॉवर ते या तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही, प्रत्यक्षात दोन-चार अंश वरच थांबतो. मग १८ अंशांचे पाणी आणायचे कुठून, महाबळेश्वरहून?

शिवाय या चार बिंदूंत भार आणि तापमान दोन्ही एकदम बदलतात. वीज भारामुळे कमी झाली की कंडेन्सरच्या गार पाण्यामुळे, हे त्यातून वेगळे काढताच येत नाही. त्यासाठी कंडेन्सरचे पाणी २४, २७, ३०, ३३ अंशांना धरून ठेवायचे आणि प्रत्येक तापमानाला १०० ते २५ टक्क्यांपर्यंत भार उतरवत न्यायचा, असा तक्ता लागतो. चिलरमधून इमारतीकडे जाणाऱ्या थंड पाण्याचीही दोन-तीन तापमाने हवीत. कंपनीच्या निवड-सॉफ्टवेअरला हे अवघड नाही. एका प्रतिनिधीने मला ‘मॅडम, ही माहिती गोपनीय असते’ असे ऐकवले होते. मालकाच्या खरेदी विभागाने ऑर्डर रोखून धरली आणि त्याच संध्याकाळी फाइल आली!

तक्ता हाती आला की गुणक एक्सेलमध्येही काढता येतात, पण तिथेही फसगत होते. ज्या तापमानाला यंत्राची क्षमता लिहिली, त्या तापमानाला कर्व्हचे उत्तर १ यायलाच हवे. क्षमता ३२ अंशांची लिहिली आणि कर्व्ह २९.४ ला १ देणारा ठेवला, तर सॉफ्टवेअर उष्णतेपायी होणारी घट दुसऱ्यांदा कापते. कर्व्हची किमान-कमाल मर्यादाही कोणी बघत नाही. मर्यादेबाहेरच्या तापमानाला एनर्जीप्लस मर्यादेवरचेच उत्तर वापरत राहतो. म्हणजे ३० अंशांपर्यंतचा कर्व्ह घातला, तर पाणी ३२ वर गेले तरी मॉडेलमधल्या चिलरला त्याची झळ लागत नाही. हवामानाची फाइल सांताक्रूझची असून काय उपयोग?

ईसीबीसी २०१७ ही इमारतींतल्या ऊर्जाबचतीची सरकारी संहिता १०० किलोवॅट आणि त्याहून अधिक जोडभाराच्या व्यावसायिक इमारतींसाठी आली. तिचे किंवा हरित मानांकनाचे सिम्युलेशन अहवाल तपासणाऱ्यांनी चिलरचे गुणक, ज्या तापमानांना क्षमता लिहिली ती मूळ तापमाने, मर्यादा आणि कंपनीचा तक्ता अहवालाला जोडणे सक्तीचे करावे. दोन-तीन पाने वाढतील, इतकेच. खरेदीच्या वेळी अनेकदा स्वस्त पर्याय पुढे येतो आणि ठरलेला चिलर बदलतो. तसे झाल्यास नव्या यंत्राचे कर्व्ह घालून मॉडेल पुन्हा चालवायला लावावे आणि तो आकडा हाती येईपर्यंत प्रमाणपत्र देऊ नये.

आपली,
एक वातानुकूलन अभियंता,
मुलुंड (पूर्व), मुंबई